देवाचं नाव घेतलं तर बिघडलं कुठे?
खेळाडूने मैदानावर देव-धर्म आणू नये, असं काही जण म्हणतात. मला नाही पटलं. ३० ऑक्टोबर २०२५ ला हाफ डे टाकून ऐरोलीहून ठाणे-नेरुळ लोकलने मी महिला क्रिकेट विश्वचषकाची भारत-ऑस्ट्रेलिया सेमीफायनल बघायला डी. वाय. पाटील स्टेडियम गाठलं. समोर ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावा, आणि आपली जेमिमा रॉड्रिग्ज नाबाद १२७! नंतर तिने रडतच येशूचे आभार मानले, दौऱ्यात जवळपास रोज रडल्याचंही सांगितलं. माझी आई दहावीच्या प्रत्येक पेपरला गणपतीपुढे दिवा लावायची, तोच हा भाव. सिनेमातला नायक देवळात घंटा बडवतो तेव्हा आपण शिट्ट्या मारतो. मग हिच्यावरच मोबाइलवरून गरळ का? त्या रात्री माझ्या शेजारचे अनोळखी काका ढसाढसा रडत होते. तिचा धर्म कुणीच विचारला नव्हता.