फरक नुसत्या नावाचा नाही

‘महागडी गिटार म्हणजे ब्रँडचे पैसे’ हे मत अर्धंच खरं. यामाहाच्याच दोन गिटारी, स्वस्तातली एफ३१० आणि तिच्याहून महाग एफजी८००, शेजारी शेजारी वाजवून बघा. पहिलीचा टॉप, म्हणजे पुढची लाकडी पाटी, प्लायचा; दुसरीचा अखंड स्प्रूस लाकडाचा. मोकळा ई मायनर कॉर्ड छेडला की दुसरीचा खर्ज चक्क पोटाला जाणवतो, सूर रेंगाळतो, हळू वाजवलं तरी आवाज मरत नाही.

तरी माझ्या मते नवशिक्याला खरं सुख तारांच्या उंचीचं. बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) ती २.५ मिमीच्या आसपास असली की एफचा बार कॉर्ड, म्हणजे एकाच बोटाने सगळ्या तारा दाबायचा कॉर्ड, छळत नाही. ही उंची जुळवायचं, म्हणजे सेटअपचं काम स्वस्त गिटारीवरही करून मिळतं, बरं का!

फक्त अखंड लाकूड दमट हवेला नाजूक. कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात भिंतीला टांगू नका; केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा.