मदत हवी आहे: करक्युमिनचा वर्णपट, ऑर्का सॉफ्टवेअरमध्ये दोन फंक्शनल (इलेक्ट्रॉनांची ऊर्जा काढायची अंदाजे सूत्रं) आणि दोन उत्तरं. प्रबंधात कोणतं लिहू?

नमस्कार मंडळी,

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी सांगलीच्या हळदीतून करक्युमिन (तिचं पिवळं रंगद्रव्य) वेगळं केलं आहे. इथेनॉलमधल्या द्रावणाचा यूव्ही-व्हिजिबल वर्णपट घेतला, पीक (सर्वाधिक शोषणाचा माथा) ४२५ नॅनोमीटरला आलं. आता तेच पीक गणिताने काढायचं आहे आणि गाडी तिथे अडली आहे.

गाउसियन या रेणूंच्या गणिताच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स आमच्याकडे नाही. ऑर्का शैक्षणिक वापराला फुकट मिळतं, म्हणून ते घेतलं. रेणू ॲव्होगॅड्रो या रेणू काढायच्या प्रोग्रॅममध्ये काढला, ४७ अणू. ईनॉल रूप घेतलं, कारण इथेनॉलमध्ये तेच जास्त असतं. डायकीटो रूपात मधल्या सीएच-२ मुळे कॉन्ज्युगेशन (एकाआड एक दुहेरी बंधांची साखळी) तुटतं आणि शोषण कमी तरंगलांबीकडे जातं. भूमिती बी३एलवायपी फंक्शनल आणि डेफ२-एसव्हीपी बेसिस (कक्षक मांडायचा फंक्शनसंच) घेऊन ऑप्टिमाइझ केली, मग मोठ्या डेफ२-टीझेडव्हीपी बेसिसवर टीडी-डीएफटी (शोषणाची ऊर्जा काढायची पद्धत), इथेनॉलसाठी सीपीसीएम (द्रावक सलग माध्यम मानणारं मॉडेल). टीडीए (टीडी-डीएफटीचं सोपं केलेलं रूप) बंद ठेवलं आहे.

बी३एलवायपीने पीक ४४५ च्या आसपास येतं, कॅम-बी३एलवायपीने ३९५ च्या आसपास. दोन्हीकडे तीच होमो-लुमो झेप (सर्वांत वरच्या भरलेल्या कक्षकातून सर्वांत खालच्या रिकाम्या कक्षकात), ऑसिलेटर स्ट्रेंग्थही (शोषणाची तीव्रता) भक्कम.

सर म्हणतात, जे प्रयोगाच्या जवळ आहे ते लिही. मला ते पटत नाही. उत्तर आधी माहीत असताना त्याला जुळेल ते फंक्शनल उचलायचं, तर मग गणिताने सांगितलं काय? उद्या ज्या रेणूचा वर्णपट कुणी घेतलेलाच नाही, त्याच्यासाठी कोणत्या आकड्यावर भरवसा ठेवायचा?

अजून दोन अडचणी आहेत. फ्रिक्वेन्सीच्या (कंपनांच्या) गणितात एक काल्पनिक वारंवारता येते, उणे २० च्या घरात, म्हणजे भूमिती अजून ऊर्जेच्या तळाशी पोचलेली नाही. आणि द्रावणात थोडा सोडा टाकला की ते लाल होतं (हळदीच्या डागाला साबण लागला की होतं तेच, हळदीचं कुंकूही याच गुणावर करतात). त्यासाठी प्रोटॉन गेलेला आयन चार्ज उणे १ देऊन मोजायला घेतला, पण जॉब मध्येच मरतो. लॅपटॉप १६ जीबी रॅमचा आहे, ८ कोअर, मॅक्सकोअर ४०००.

कुणी हे केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.

प्रतिसाद १: टेस्टट्यूब

जॉब मरतोय तो मेमरीमुळे. मॅक्सकोअर हा आकडा एका कोअरचा असतो, एमबीमध्ये. ८ गुणिले ४००० म्हणजे ३२ जीबी, आणि तुमच्याकडे १६. चार कोअर घ्या आणि २८०० द्या, बाकीची मेमरी सिस्टिमला राहू द्या. काल्पनिक वारंवारतेसाठी टाइटऑप्ट (जास्त काटेकोर ऑप्टिमायझेशन) आणि डेफग्रिड३ (जास्त बारीक ग्रिड) लावून पुन्हा ऑप्टिमाइझ करा. तरीही राहिली तर ते कंपन ॲव्होगॅड्रोमध्ये हलवून बघा. बहुतेक मेथॉक्सीचा मिथाइल गट फिरताना दिसेल. त्याच दिशेने अणू थोडे सरकवून नव्याने सुरू करा.

प्रतिसाद २: पायस्टार

मुख्य प्रश्नाकडे येतो. आधी नॅनोमीटर सोडा, इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये या. १२४० ला तरंगलांबीने भागा. प्रयोग २.९२, बी३एलवायपी २.७९, कॅम ३.१४. म्हणजे एक ०.१३ ने खाली, दुसरा ०.२२ ने वर. टीडी-डीएफटीची नेहमीची चूक ०.२ ते ०.३ असते, तेव्हा दोन्ही आकडे पद्धतीच्या मर्यादेतच आहेत. या भागात ०.१ इलेक्ट्रॉनव्होल्ट म्हणजे जवळपास १५ नॅनोमीटर होतात, म्हणून फरक एवढा मोठा वाटतो.

दोघं विरुद्ध बाजूंना का गेले, हे प्रबंधात जरूर लिही. बी३एलवायपीमध्ये हार्ट्री-फॉक एक्स्चेंज (इलेक्ट्रॉनांच्या एक्स्चेंज ऊर्जेचा नेमका काढलेला वाटा) सरसकट २० टक्के असतो. कॅममध्ये तो जवळच्या अंतरावर १९ आणि लांबच्या अंतरावर ६५ टक्के होतो. रेणूच्या एका टोकाकडून दुसरीकडे भार सरकत असेल तर बी३एलवायपी ऊर्जा कमी दाखवतो, आणि कॅम अशा लांब रंजक रेणूंत बहुधा थोडी जास्त दाखवतो. शिवाय तू काढलीस ती उभी झेप, अणू जागच्या जागी धरून. प्रयोगातल्या पट्ट्याच्या माथ्यात कंपनांचाही वाटा असतो. त्यामुळे ४२५ अगदी तंतोतंत आला असता तरी तो चुका एकमेकींना खाऊन आला असण्याची शक्यता राहतेच.

तुझी शंका रास्त आहे आणि तिला धरून राहा. भरवसा एका आकड्यावर ठेवू नको, क्रमावर ठेव. हळदीत करक्युमिनबरोबर डिमेथॉक्सी आणि बिसडिमेथॉक्सीही असतात. तिघांचं गणित एकाच पद्धतीने कर आणि मेथॉक्सी कमी होत जाताना पीक कुठे सरकतं ते दोन्ही फंक्शनलमध्ये बघ. सरकण्याची दिशा आणि प्रमाण प्रयोगाशी जुळलं, तर ती पद्धत नव्या रेणूवर वापरायला आधार मिळतो.

एक विचारतो: कॉलम लावून तिघं वेगळी केली होती का? नसतील तर तुझं ४२५ हे मिश्रणाचं आहे.

टीडीए बंद ठेवलंस ते उत्तम. ऑर्का ते आपणहून चालू ठेवतं, आणि त्याने अशा ठळक झेपा निळ्याकडे ढकलल्या जातात.

प्रतिसाद ३: धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. चार कोअरवर आयनचा जॉब चालू झाला आहे. काल्पनिक वारंवारता टाइटऑप्टनंतर गेली, मिथाइलच होता. कॉलम लावला होता आणि टीएलसीवर (शुद्धता बघायची पातळ थराची क्रोमॅटोग्राफी) एकच ठिपका होता, पण उरलेले दोन भाग मी बाजूला ठेवले आहेत, फेकलेले नाहीत. त्यांचेही वर्णपट घेते.

आयनात प्रोटॉन कुठला काढायचा? ईनॉलचा की फिनॉलचा? आणि सीपीसीएमसोबत एखादा खरा इथेनॉल रेणू ठेवायचा असेल तर कुठे ठेवू?

प्रतिसाद ४: पायस्टार

दोन्ही आयन मोज. ऑप्टिमायझेशनही द्रावकातच कर आणि ऊर्जांची तुलना कर. बेसिस डिफ्यूज फंक्शनवाला घे, डेफ२-टीझेडव्हीपीडी चालेल. ऋण भाराचा इलेक्ट्रॉन पसरलेला असतो. इथेनॉल आधी फिनॉलपाशी ठेव. ईनॉलचा हायड्रोजन शेजारच्या ऑक्सिजनशी आतल्या आत घट्ट बांधलेला असतो, फिनॉलचा मेथॉक्सीशी असलेला बंध त्यापेक्षा बराच कमजोर. इथेनॉलला शिरायला जागा तिथेच आहे.