प्रति: जुन्या अमेरिकन गाड्यांची मॅन्युअल्स
जुनी अमेरिकन गाडी दुरुस्त करायला कुठलं मॅन्युअल घ्यावं, या प्रश्नावर वर कुणीतरी ‘चिल्टन घ्या, पुरे’ म्हटलंय. चिल्टन म्हणजे गाडीच्या कंपनीचं नसलेलं, बाहेरच्या प्रकाशकाचं दुरुस्तीचं पुस्तक. ट्यून-अप, ब्रेकपुरतं ठीक. त्यात अनेक मॉडेलं एकत्र कोंबलेली असतात. साठच्या दशकातली जीएमची (जनरल मोटर्सची) गाडी असेल तर आणखी एक मेख आहे. जीएमच्याच शेव्हरले ब्रँडचं शॉप मॅन्युअल, म्हणजे कंपनीचं दुरुस्तीचं पुस्तक, मुख्यतः इंजिन-चॅसीसाठी. दारं, काचा, सीट, पाणी कुठून गळतं याचा तपशील ‘फिशर बॉडी’च्या (जीएमचा गाड्यांची बॉडी बनवणारा विभाग) वेगळ्या मॅन्युअलमध्ये. दोन्ही त्याच वर्षाची घ्या, रीप्रिंट चालतात. पूर्ण गाडी उघडणार असाल तर असेंब्ली मॅन्युअलही हवंच. त्यात दुरुस्तीची कृती नाही, कारखान्यातली जोडणीची चित्रं आहेत. कुठला क्लिप कुठे, ते तिथेच कळतं. भंगारातून पार्ट शोधणाऱ्यांनी मात्र हॉलंडरचं इंटरचेंज मॅन्युअल बघावं. कुठल्या गाडीचा पार्ट कुठल्या गाडीला बसतो, हे त्यात आहे.