रस्ता बंद पडतो म्हणूनच घरी नको

ताई, माहेर जांबोटीकडं, पावसात रस्ता बंद पडतो, म्हणून सुईणीला बोलावून घरीच बाळंत व्हावं का, असं विचारलंत. माझा धाकटा घरीच झालाय, म्हणून मनापासून लिहिते.

सुईण शिकलेली हवी, नुसता अनुभव पुरत नाही. आधीचं सिझेरियन, जुळं, पायाळू बाळ, वाढलेलं बीपी यातलं एक जरी असलं तर घरचा विचार सोडाच. पहिलटकरणीच्या कळा 12-15 तासही चालतात. तेवढा वेळ फिरत राहा, पेज घ्या.

खरी काळजी बाळ झाल्यावरची. वार साधारण अर्ध्या तासात पडायला हवी. माझ्या वेळी सुईणबाई पोटावर हात ठेवून गर्भाशय नारळासारखं घट्ट झालंय का ते चाचपत होत्या, अन् दर थोड्या वेळानं खालचं कापड उचलून बघत होत्या. अर्धा लिटर रक्त गेलं की धोका सुरू. रक्त थांबवायचं ऑक्सिटोसिन इंजेक्शन त्यांच्या पिशवीत होतं, गाडी दारात होती. तुमच्याकडं ओढ्याला पाणी आलं तर 108 सुद्धा पोचणार नाही! त्यापेक्षा तारखेच्या पंधरा दिवस आधी खानापुरात किंवा बेळगावात कुणा पाहुण्यांकडं येऊन राहा.

तरी घरीच झालं, तर नाळेला हळद, राख काही लावू नका, आंघोळ दुसऱ्या दिवशी घाला. आशाताईंना कळवा, तायी कार्ड (गरोदरपणाच्या नोंदींचं सरकारी कार्ड) जवळ ठेवा. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते.