पहिली गिटार: इंडियन घ्यावी का इम्पोर्टेड? बजेट ८ ते १० हजार, नाशिक

इंदिरानगरचा_बाबा

नमस्कार मंडळी. मुलगी नववीत आहे, गिटार शिकायचंय म्हणून कॉलेज रोडला क्लास लावलाय. तिथे क्लासचीच गिटार वाजवते पण घरी सरावाला एक पाहिजेच. आता घोळ असा की क्लासचे सर म्हणतात इम्पोर्टेडच घ्या, इंडियनच्या नादी लागू नका. शालिमारकडे एका दुकानात गेलो तर तो म्हणाला साहेब इंडियन चार हजारात देतो, वर कव्हर, बेल्ट, पिक फुकट, पोरीला कशाला दहा हजाराची. आणि तिसरी भानगड म्हणजे माझा चुलतभाऊ न्यू जर्सीला असतो, डिसेंबरात येतोय, तो म्हणे इकडे सगळे सांगतात की इम्पोर्टेड म्हणजे हलका माल, अमेरिकेत बनलेलीच खरी, थांब मीच घेऊन येतो. म्हणजे इथे इम्पोर्टेड चांगली आणि तिथे इम्पोर्टेड वाईट, मग बाबांनो घ्यायची कुठली? मला स्वतःला गिटारमधलं ओ की ठो कळत नाही, तेव्हा जरा सोप्या भाषेत सांगा.

सहा_तारा

आधी चुलतभावाचं निकालात काढू. अमेरिकेत फेंडर या गिटार कंपनीचा कारखाना कॅलिफोर्नियात कोरोना गावात आहे आणि दुसरा सीमेपलीकडे मेक्सिकोत एन्सेनाडाला. मार्टिन या दुसऱ्या कंपनीचं पण तसंच, मूळ कारखाना पेनसिल्व्हेनियात नाझरेथला, स्वस्त मॉडेलं मेक्सिकोत. तिकडची भांडणं चालतात ती या दोन्हींतल्या फरकावर, नाहीतर त्याच ब्रँडच्या आशियात बनवून घेतलेल्या मालावर. अमेरिकेत बनलेली मार्टिन म्हणजे लाखाच्या पुढचा मामला. तुमच्या बजेटात तो तिकडून जे आणेल ते चीन नाहीतर इंडोनेशियाचंच असणार, म्हणजे तीच गिटार अर्धं जग फिरून विमानाच्या पोटातून नाशकात येणार, वर वॉरंटीचा पत्ता नाही. त्याला सांगा तारांची चार पाकिटं आणि एक चांगला ट्यूनर आण, बास झालं.

आता इथलं. दहा हजाराच्या आत माझं मत सरांच्याच बाजूने. यामाहाची एफ ३१० घ्या किंवा कोर्टची त्याच रेंजमधली, या इंडोनेशियात बनतात. कोर्ट ही मूळ कोरियन कंपनी आणि सुराबायाच्या तिच्या कारखान्यात दुसऱ्या मोठ्या ब्रँडच्या गिटारी पण बनतात, म्हणजे हात बसलेला आहे. आवाज फार ग्रेट असतो असं नाही हं, प्लायवूडचीच बॉडी असते. फरक आहे तो नेकमध्ये, म्हणजे तारा जिच्यावरून जातात त्या लांब दांडीत. स्टीलच्या सहा तारा मिळून नेकवर ७० किलोच्या आसपास ताण असतो, रात्रंदिवस. नेकच्या आत ट्रस रॉड म्हणजे एक लोखंडी सळई असते, ती चावीने आवळून सैल करून बाक सरळ करता येतो. आपल्याकडच्या चार हजाराच्या गिटारीत बऱ्याचदा ती नसते, किंवा असली तरी फिरत नाही. मग सहा महिन्यांत नेक धनुष्यासारखी वाकते, तारा फ्रेटबोर्डपासून (नेकवरची बोटं दाबायची पट्टी) वर जातात आणि एफ कॉर्ड (एकाच बोटाने अनेक तारा दाबाव्या लागतात तो) दाबता दाबता पोरं रडकुंडीला येतात. आणि दोष जातो कुणावर, तर पोरीलाच जमत नाही म्हणून. मी शिकवतो म्हणून हे बघितलंय, मुलं बोटं दुखली म्हणून सोडतात, कंटाळून नाही.

सातपूरचा_फिटर

सहा_तारा भाऊ, तुमचं ट्रस रॉडचं बरोबर आहे पण देशाच्या नावावर माल पास-नापास करायला माझा विरोध आहे. मी टूलरूमवाला माणूस, आमच्याकडे जर्मन मशीनचा जॉब पण रिजेक्ट होतो आणि अंबडच्या छोट्या वर्कशॉपचा पण एकदम मापात बसतो. मोजल्याशिवाय बोलायचं नाही.

माझ्याकडे कोलकात्यात बनलेली गिटार आहे, कॉलेजात घेतलेली. घेतली तेव्हा तिसऱ्या तारेवर झणझण यायची, सगळे म्हणाले फेकून दे. मी कंपनीतून स्ट्रेट एज (एकदम सरळ पट्टी) आणली, फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) नेकच्या लांबीत ठेवली तर दोन फ्रेट बाकीच्यांपेक्षा उंच निघाले. बारीक पॉलिश पेपरने घासून लेव्हल केले, हाडाचं नट (नेकच्या टोकाला तारा बसतात ती खाचांची पट्टी) बसवलं, झालं. आज पण वाजते, आमच्या गल्लीच्या गणपतीत दर वर्षी तीच असते.

तर बाबा, दुकानात जाताना फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) आणि एक छोटी स्टीलची पट्टी खिशात ठेवा, लाज वाटून घेऊ नका. सगळ्यात जाड तार पहिल्या फ्रेटवर दाबायची आणि जिथे नेक बॉडीला जोडली आहे त्या चौदाव्या फ्रेटवर पण दाबायची, मग मधे सातव्या फ्रेटच्या आसपास तार आणि फ्रेटमधली फट बघायची. पाव मिलीमीटरच्या आसपास असली की नेक ठीक. तार टेकलीच तर नेक एकदम सरळ नाहीतर उलटी वाकलीय, अर्धा मिलीमीटरच्या पुढे फट असली तर पुढे झुकलीय. मग तारा सोडून बाराव्या फ्रेटवर उंची मोजा, जाड तारेखाली अडीच मिलीमीटर आणि बारीक तारेखाली दोन असेल तर नवशिक्याला आरामात जमतं. साडेतीन-चार दिसली तर दुकानदार कितीही बेल्ट फुकट देऊ दे. शेवटी बारावा फ्रेट दाबून तार वाजवा आणि ट्यूनर बघा. मोकळ्या तारेचा जो सूर तोच वरच्या सप्तकात आला पाहिजे, पाच-सात सेंटपेक्षा (सेंट म्हणजे सुराचं बारीक माप) जास्त इकडे तिकडे होत असेल तर ब्रिजची (बॉडीवर तारा अडकतात तो भाग) जागा चुकलेली असू शकते, ते दुरुस्त करणं सोपं नसतं.

हे सगळं पास झालं तर आतल्या लेबलवर कोलकाता लिहिलंय का इंडोनेशिया ते बघू पण नका.

सहा_तारा

फिटरभाऊ तुम्ही फ्रेट घासू शकता, या बाबांना कोण घासून देणार? नाशकात सेटअप करणारे चांगले लोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, बाकीचे तार बदलून पैसे घेतात. मुद्दा चांगली इंडियन मिळते का हा नाहीच. दहा इंडियन गिटारी काढल्या तर त्यात दोन झकास निघतात, दहा इंडोनेशियन काढल्या तर आठ-नऊ ठीकठाक निघतात. नवख्याने ठीकठाक घ्यावी.

सातपूरचा_फिटर

हे मान्य. पण मग इंडोनेशियनवाली पण मोजूनच घ्या एवढंच म्हणणं. दुकानाच्या काचेत उन्हात सहा महिने लटकलेली कुठल्याही देशाची असो, वाकतेच.

पंचवटी_एक्स्प्रेस

मुंबईला अपडाऊन करतो त्यामुळे धोबी तलावला फुर्टाडोज या वाद्यांच्या दुकानात चक्कर असते अधूनमधून, आणि ही इंडियन-फॉरेनची चर्चा मी तिथे कायम ऐकतो. थोडा विषय सोडून लिहितो, सांभाळून घ्या.

परदेशी माल हलका असं अमेरिकन लोक आधी जपानी गिटारींबद्दलच म्हणायचे. ७० च्या दशकात जपानी कंपन्यांनी अमेरिकन गिटारींच्या इतक्या चांगल्या नकला काढल्या की १९७७ मध्ये गिब्सन या अमेरिकन ब्रँडच्या मालक कंपनीने आयबानेझ या जपानी ब्रँडच्या अमेरिकेतल्या वितरकावर कोर्टात केस टाकली, हेडस्टॉकचा (नेकच्या टोकाचा, खुंट्या असतात तो भाग) आकार चोरला म्हणून. आज त्याच काळातल्या जपानी गिटारी शोधून शोधून घेतात लोक. मग जपान महाग झाला तेव्हा काम कोरियात गेलं, कोरियानंतर इंडोनेशिया आणि चीन. आणि मधल्या काळात, १९८० च्या दशकाच्या शेवटी, फेंडरने स्क्वायर टू नावाच्या काही गिटारी चक्क भारतात बनवून घेतल्या होत्या. ती गाडी आपण का चुकवली देव जाणे, नाहीतर आज फिटरभाऊंसारखे लोक सातपूरला फ्रेट बसवत असते.

आणि लाकूड कुणाचं? जगातल्या बऱ्याच महागड्या गिटारींची पाठ आणि फ्रेटबोर्ड बनतो तो आपल्या दक्षिणेतल्या शिसवीचा. ब्राझीलच्या रोजवूडवर (तिकडची शिसवी) १९९२ मध्ये आंतरराष्ट्रीय व्यापारबंदी आली, त्याच्या आधीपासूनच सगळे आपल्या शिसवीकडे वळले होते. २०११ मध्ये अमेरिकेत गिब्सनच्या कारखान्यांवर धाड पडली ती भारतातून गेलेल्या शिसवी आणि एबनीच्या फळ्यांवरूनच, पुढच्या वर्षी दंड भरून मिटवलं त्यांनी. मग २०१७ ला सगळी शिसवी जात आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या परमिटच्या यादीत आली, शिसवीची गिटार परदेशात विकायला पाठवायची तरी कागद लागायचे, २०१९ मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली तेव्हा कुठे सुटका झाली.

म्हणजे लाकूड आपलं, आणि हाताचं कौशल्य पण आहे हो. मिरजेत बसून सतार-तानपुरे करणारी घराणी आहेत, त्यांच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन (त्या गावचीच खास वस्तू असं सरकारी प्रमाण) मिळालं. तानपुऱ्याची जवारी, म्हणजे घोडीला घासून दिलेला उतार, ज्याला लावता येते त्याला गिटारचं सॅडल (ब्रिजवरची तारा टेकतात ती पट्टी) घासणं काय अवघड. जवारीत तीच झणझण मुद्दाम आणतात जी फिटरभाऊंनी घासून काढली. आपल्याकडे कमी पडतं ते कारखान्यातलं, एकसारखा सुकवलेला लाकडाचा लॉट आणि शेवटी प्रत्येक नग तपासणारा माणूस. चार हजारात विकायची ठरल्यावर पहिली काट त्याच दोन गोष्टींना लागते. लाखभर रुपये मोजून एखाद्या भारतीय कारागिराकडून हाताने बनवून घेतली तर ती परदेशीच्या तोडीस तोड असते, मी वाजवून बघितलीय. पण ते तुमच्या कामाचं नाही.

गोदाकाठ

पंचवटी_एक्स्प्रेस साहेब, बाबांना पोरीसाठी गिटार पाहिजे, पीएचडी नाही 😀

माझा साधा मुद्दा, नाशिकची हवा. मार्च ते मे दुपारी हवा किती कोरडी होते माहितेय ना, आणि जुलैमध्ये कपाटातल्या पुस्तकांना बुरशी. लाकडाला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. सॉलिड टॉप गिटार, म्हणजे वरची फळी अखंड लाकडाची, तिचा आवाज भारी पण उन्हाळ्यात चिरू शकते आणि पावसाळ्यात फुगून तारा वर उचलते. प्लायवूडवाली हे सगळं निमूट सोसते. त्यामुळे कुणी सांगितलं थोडे वाढवून सॉलिड टॉप घ्या, तर पहिल्या गिटारला नकोच. जी घ्याल ती कव्हरमध्ये ठेवा, भिंतीला टांगून शो करू नका, गाडीच्या डिकीत तर अजिबात विसरू नका.

कॅपो_लावा

एवढं कशाला, सेकंडहँड एफ ३१० घ्या पाच-साडेपाच हजारात. कॉलेज रोडला दर वर्षी कितीतरी पोरं जोशात घेतात आणि बारावी आली की विकतात. नेक तेवढी बघा, बाकी ओरखडे असू द्या.

इंदिरानगरचा_बाबा

अरे बापरे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. चुलतभावाला कळवलं, तो जरा फुगला पण ठीक आहे. तर सध्या विचार असा की इंडोनेशियावाली बघायची, नवी किंवा कॅपो_लावा म्हणतात तशी वापरलेली, आणि फिटरभाऊंच्या मापाने तपासून घ्यायची. एक विचारायचं राहिलंच, मुलगी डावखुरी आहे. लिहिते डाव्या हाताने. क्लासमध्ये मात्र उजवीच वाजवते. काही फरक पडतो का? दुकानदार म्हणाला तारा उलट्या लावून देतो.

सहा_तारा

अहो हे पहिल्याच ओळीत लिहायचं! तारा उलट्या लावणं अजिबात करू नका. नटच्या खाचा जाड-बारीक तारेच्या मापाने कापलेल्या असतात, आणि ब्रिजवरचं सॅडल मुद्दाम तिरकं असतं, जाड तारेची लांबी थोडी जास्त लागते म्हणून. तारा उलटल्या की ते तिरकेपण चुकीच्या बाजूला जातं आणि वरचे सूर बेसूर लागतात. क्लासमध्ये उजवीवर तिचा हात बसत असेल तर उजवीच घ्या, बरेच डावखुरे तशीच वाजवतात, उलट कॉर्ड दाबायला तिचा चांगला हात मिळतो. आणि उद्या क्लासमध्ये, मित्राच्या घरी, कुठेही गेली तरी वाजवायला गिटार मिळेल. ती स्वतः म्हणत असेल की अवघड जातंय तरच डावखुरी बघा, पण मग या बजेटात दुकानात तयार मिळणं मुश्किल, ऑर्डर देऊन थांबावं लागेल, आणि वाजवून न बघता घ्यावी लागेल.

सातपूरचा_फिटर

हेच लिहायला आलो होतो. बाबा, तिलाच विचारा आधी. आणि दुकानात जाताना तिला घेऊन जा, आपण दोघांनी मापं काढून गिटार आणायची आणि पोरीला ती मोठी व्हायची असं नको. त्या एफ ३१० ची बॉडी मोठी असते, लहान चणीची असेल तर उजवा हात खांद्यातून अवघडतो, मग थोडी छोट्या बॉडीची बघा. गुरुवारी मला सुट्टी असते, गेज माझ्याकडचं नेलं तरी चालेल.

इंदिरानगरचा_बाबा

विचारलं. म्हणते उजवीच बरी आणि काळी पाहिजे. गुरुवारी संध्याकाळी सहाला तिचा क्लास सुटतो, कॉलेज रोडलाच भेटूया का?