शब्दचर्चा: 'सॉलिड' गोळी म्हणजे भरीव गोळी का?

तळटीप
नामिबियातल्या शिकारीवरची एक माहितीपुस्तिका मराठीत आणते आहे. हाती आलेल्या कच्च्या मसुद्यात 'प्लेन्स गेम'चे 'मैदानी खेळ' झालेत आणि 'डेंजरस गेम'चे 'धोकादायक खेळ'. म्हणजे एकीकडे खो-खो, दुसरीकडे दहीहंडी. ते 'सावज' घालून निस्तरेन. घोडं अडलंय ते या वाक्यापाशी: कुडूला (हरणासारखं मोठं जनावर) 'सॉफ्ट', हत्तीला 'सॉलिड'. मी 'मऊ गोळी' आणि 'भरीव गोळी' लिहिलं. संपादकांना 'घन काडतूस' हवंय. काय ठेवू?

बारूद
काडतूस तर नाहीच. काडतूस म्हणजे चार वस्तूंचा संच: पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी टोपी, आत दारू आणि तोंडाशी गोळी. चाप ओढला की टोपी पेटते, दारू जळते, गोळी नळीतून निघून जाते आणि पुंगळी मागे राहते. सॉफ्ट की सॉलिड हा प्रश्न फक्त गोळीचा. पोलिसांच्या बातमीतलं 'दोन जिवंत काडतुसे' बरोबर आहे. 'जिवंत गोळ्या' मात्र कुठल्याच कारखान्यात बनत नाहीत.

शुद्धमती
काडतूस पोर्तुगीज, बंदूक अरबी, दारू आणि शिकार फारसी. एवढ्या गर्दीत 'गोळी' तेवढी आपली उरली आहे. निदान तिचं विशेषण तरी आपलं असू द्या. 'घनगोलिका' काय वाईट?

गुंज
होमिओपथीच्या दुकानात चालेल.
बाकी 'बंदूक'ची गंमत अशी, की अरबीतल्या 'बुंदुक'चा अर्थ एक कवचाचं फळ, हेझलनट. त्यावरून तेवढ्या आकाराची, धनुष्याने मारायची मातीची गोळी. त्यावरून ती मारणारं हत्यार. म्हणजे 'बंदुकीची गोळी' म्हणजे मुळात 'गोळीची गोळी'.

बारूद
मूळ मुद्दा. 'भरीव'च्या विरुद्ध 'पोकळ'. वाचक समजेल की सॉफ्ट पोकळ असते. तसं नाही. साधी सॉफ्ट म्हणजे तांब्याची साल, आत शिशाचा गाभा आणि टोकाला शिसं उघडं. ती पूर्ण भरलेली असते. उलट जुनी सॉलिड एका धातूची नव्हतीच: शिशाचा गाभा आणि त्यावर पोलादाची जाड साल, नाकासकट बंद. आजच्या सॉलिड तांब्याच्या किंवा पितळेच्या सळईतून कातून काढतात, त्या खऱ्या भरीव. आणि आणखी घोटाळा असा, की बार्न्स कंपनीच्या अख्ख्या तांब्याच्या गोळ्याही एकाच धातूच्या असतात, पण त्यांच्या नाकाशी खळगा असतो आणि त्या सॉफ्टचं काम करतात. तेव्हा भरीव-पोकळ ही जोडी इथे लागूच पडत नाही. प्रश्न एवढाच, की अंगात शिरल्यावर गोळी आकार बदलते की नाही. म्हणून 'फुलणारी' आणि 'न फुलणारी'.

शुद्धमती
पुऱ्या फुलतात. मोगरा फुलतो. जनावराच्या फुप्फुसात जे होतं त्याला 'फुलणं' म्हणायला जीभ रेटत नाही. 'प्रसरणशील' घ्या.

सालपापुद्रा
'प्रसरणशील' म्हटलं की रेल्वेचे रूळ आठवतात. शिवाय सगळीकडून सारखं प्रसरण होत नाही. नाकाकडची साल पाकळ्यांसारखी मागे दुमडते, बूड तसंच राहतं. 'फुलणं' अगदी नेमकं आहे.
एक सावधगिरी मात्र घ्या: 'फुटणारी' लिहू नका. बरेच जण लिहितात. फुटणं हा गोळीचा दोष आहे. साल एकीकडे, गाभा दुसरीकडे झाला की वजन जातं आणि वजनाबरोबर खोलीही. ते टाळायला सालीला गाभा पक्का चिकटवतात. इंग्रजीत त्याला 'बाँडेड' म्हणतात. 'बद्ध गोळी' कृपा करून नको. सोनार जोडकामाला 'डाग देणं' म्हणतो, तसं 'डाग दिलेली गोळी' म्हणा. दुसरा उपाय नॉस्लर कंपनीच्या 'पार्टिशन' गोळीचा, १९४८ पासूनचा: सालीलाच मध्ये आडवी पडदी. पुढचा कप्पा फुलतो, मागचा शाबूत राहून आत रेटत जातो. तिला 'पडदीची गोळी'.

हवालदार_निवृत्त
'दमदम गोळी' हा तयार शब्द असताना एवढा खटाटोप कशाला? कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यातली फुलणारी गोळी. जगाने आपल्याकडून घेतलेला शब्द आहे.

बारूद
तो लष्करी शब्द, आणि बदनाम. १८९९ च्या हेग घोषणेने फुलणारी गोळी युद्धात वर्ज्य ठरली. शिकारीत नेमकं उलट: न फुलणारी गोळी कुडूच्या आरपार बारीक भोक पाडून जाते आणि जनावर मैलभर जाऊन तडफडत मरतं. पुस्तिकेत 'दमदम' आलं तर वाचक भलताच अर्थ काढेल.

विंडहूककर
वाक्यात नुसता हत्ती असेल तर ठीक. पुढे कुठे 'धोकादायक सावजाला सॉलिड' असं सरसकट येत असेल तर शब्दच नव्हे, माहितीही चुकेल. सिंह आणि बिबट्या धोकादायकच, पण कातडी पातळ, अंग मऊ. त्यांना लवकर फुलणारी सॉफ्टच लागते. हत्तीच्या कवटीचं हाड मधाच्या पोळ्यासारखं जाळीदार आणि जाड; मेंदूपर्यंत वाकडं न होता जायचं तर सॉलिडच, त्यातही चपट्या नाकाची. गोल नाकाची आत गेल्यावर दिशा सोडण्याची शक्यता जास्त. आफ्रिकेतल्या केप बफेलोला जुनी रीत अशी: पहिली गोळी डाग दिलेली सॉफ्ट, खालच्या सगळ्या सॉलिड. कारण पहिला बार कळपात उभ्या जनावरावर असतो. सॉलिड आरपार जाऊन मागच्याला जखमी करते. नंतरचे बार पळत्या किंवा अंगावर येणाऱ्या जनावरावर, तिथे खोली हवी.
आणि सॉफ्ट-सॉलिड दोन्ही सारख्या वजनाच्या असल्या तरी एकाच जागी लागतील असं नाही. दोन्ही ५० मीटरवर मारून पाहायच्या. मसुद्यात याला 'शून्यीकरण' केलं असेल तर 'नेम बसवणं' करा.

तळटीप
केलंय 'शून्यीकरण'. आणि '३०० दाण्यांची गोळी' पण.

गुंज
दाणे! ग्रेन हे वजन आहे. आपल्या जुन्या मापात ते चपखल बसतं. इंग्रजी अमदानीतला तोळा बरोबर १८० ग्रेनचा, म्हणजे ११.६६ ग्रॅम. आणि .३०-०६ या काडतुसाची सर्वांत नेहमीची गोळी १८० ग्रेनची. एक तोळा! .३७५ इंच व्यासाची ३०० ग्रेनची म्हणजे एक तोळा आठ मासे (तोळ्याचे बारा मासे, माशाच्या आठ गुंजा). .४५८ ची ५०० ग्रेनची म्हणजे दोन तोळे नऊ मासे आणि वर पावणेतीन गुंजांच्या आसपास. (आजचा सराफी १० ग्रॅमचा तोळा धरू नका.)
दारूही ग्रेनमध्येच मोजतात. '३०० ग्रेनचं काडतूस' लिहिलंत तर ते वजन गोळीचं, दारूचं की अख्ख्या काडतुसाचं, कळणार नाही. 'गोळी ३०० ग्रेन' असंच लिहा.

शुद्धमती
पाहा, मापं आपल्याकडे होतीच. मग 'सेक्शनल डेन्सिटी'ला 'छेदघनता' का नको?

बारूद
कारण ती घनता नाही. गोळीचं वजन पौंडात, भागिले व्यास इंचात धरून त्याचा वर्ग. ३०० ग्रेनच्या .३७५ चा आकडा ०.३०५, ५०० ग्रेनच्या .४५८ चा ०.३४१, १८० ग्रेनच्या .३०-०६ चा (खरा व्यास .३०८) ०.२७१. धातू बदलला तरी वजन आणि व्यास तेच असतील तर आकडा तोच. 'छेदभार' म्हणा. त्यात संपादकांची 'घन' गोळी आणि तुमची 'घनता' एका पानावर आली, तर वाचक दोन्हींचा संबंध जोडेल. संबंध नाही.
अजून एक. फुलल्यावर हा आकडा कोसळतो, कारण व्यास वाढतो. तेव्हा फक्त सॉलिडची तुलना करताना तो कामाचा. तांब्याच्या गोळ्यांना तर पुस्तकी आकडा फसवतोच: तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून त्याच वजनाची गोळी लांब होते. १८० ऐवजी १६५ किंवा १५० ची घेतात. आकडा कमी दिसतो, पण ती वजन गमावत नाही, म्हणून खोल जाते. वेग फार पडला तर मात्र फुलतच नाही.

विंडहूककर
नामिबियाचा कायदा छेदभार पाहत नाही, ऊर्जा पाहतो: स्प्रिंगबॉकसारख्या लहान हरणाला किमान १,३५० ज्यूल, कुडू-गेम्सबॉक-ईलँड या मोठ्यांना २,७००, हत्ती-बफेलोला ५,४००. एक तोळ्याची .३०-०६ सेकंदाला ८२० मीटर वेगाने ३,९०० च्या पुढे जाते, म्हणजे ईलँडपर्यंत चालते. .३७५ ची ३०० ग्रेन ७७० मीटरने ५,७६० च्या आसपास; काठावर पास.

सालपापुद्रा
'डेंजरस गेम'ला 'हिंस्र श्वापद' सुचवणार होते, पण हत्ती आणि बफेलो दोघं गवत खातात.

गुंज
आणि 'श्वापद' म्हणजे कुत्र्यासारखे पाय असलेलं. सिंहाला ओढूनताणून बसेल, बफेलोला खूर आहेत. आपलं 'सावज' त्याच श्वापदापासून आलं हे वेगळंच.

हवालदार_निवृत्त
बफेलो बफेलो काय लावलंय? गवा म्हणा.

सालपापुद्रा
गवा वेगळा. गवा गायीच्या कुळातला, कपाळावर शिंगांची ढाल नाही. आफ्रिकेतला तो रानरेडा.

हवालदार_निवृत्त
रानरेडा म्हटलं की आसामातला डोळ्यांपुढे येतो. 'ढालरेडा'?

तळटीप
मंडळी, मजकूर परवा द्यायचाय. 'सॉलिड'ला 'न फुलणारी' की 'सॉलिड'च?

शुद्धमती
'अविकारी'.

गुंज
ढालरेडा मला आवडला. पण मादीला काय म्हणणार, तिची ढाल जुळलेली नसते.