दीपा कर्माकरचा प्रोदुनोवा: धाडस की चुकलेले गणित?

धागालेखक:
जिम्नॅस्ट दीपा कर्माकरने ७ ऑक्टोबर २०२४ रोजी निवृत्ती जाहीर केल्यावर तिच्या कारकिर्दीविषयी जे लिहिले गेले, त्यातले बरेचसे २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमधल्या चौथ्या क्रमांकाचे आणि प्रोदुनोवा या उडीचे गुणगान होते. धावत येऊन व्हॉल्टवर, म्हणजे उडीसाठीच्या उंच टेबलावर, हात टेकवून उसळी घ्यायची आणि हवेत पुढच्या बाजूने दोन कोलांट्या मारून पायांवर उतरायचे, अशी ही उडी. उडी किती अवघड यावर ठरणारे तिचे काठिण्यगुण तेव्हा ७.० होते; त्यात सादरीकरणाचे गुण मिळवले जातात आणि दोन उड्यांची सरासरी हा अंतिम गुण असतो. माझ्या मते हीच उडी मारण्याचा हट्ट दीपाला नडला. कांस्यपदक मिळवणाऱ्या स्वित्झर्लंडच्या जुलिया श्टाइनग्रुबरच्या दोन उड्यांचे एकूण काठिण्य दीपापेक्षा कमी होते. तरीही तिला १५.२१६ गुण मिळाले आणि दीपाला १५.०६६. पदक गेले ते नेटकेपणात.

प्रतिसाद १:
असहमत. सरासरीऐवजी दोन्ही उड्या वेगवेगळ्या पाहा. पहिल्या त्सुकाहारा (व्हॉल्टवर अर्धा वळसा घेत टेकून मागच्या बाजूने कोलांटी मारायच्या) उडीला ६.० काठिण्य आणि ८.८६६ सादरीकरण मिळून १४.८६६ गुण मिळाले, तर प्रोदुनोवाला ७.० आणि ८.२६६ मिळून १५.२६६. म्हणजे आपण जिला दोषी ठरवता, त्याच उडीने सरासरी वर ओढली. शिवाय त्या अंतिम फेरीपर्यंत ती पोहोचली कशी, हेही विसरू नये. पायांचे सपाट तळवे घेऊन आगरतळ्यात प्रशिक्षक विश्वेश्वर नंदींकडे शिकलेल्या या मुलीने २०१४ साली ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत याच उडीच्या बळावर कांस्यपदक मिळवले, आणि त्याआधी भारतीय महिला जिम्नॅस्टची दखल घेणारे जगात फारसे कोणी नव्हते.

धागालेखक:
आकडेमोड मान्य, पण ती अर्धीच आहे. रिओत ती इतकी खोल बसत उतरली की पार्श्वभाग जवळजवळ गादीला टेकला होता. पंचांनी ते पडणे धरले असते, तर त्या उडीचा पूर्ण एक गुण कापला जाऊन सरासरी १४.५६६ वर आली असती. त्याच फेरीत ऑक्साना चुसोवितिनासारखी मुरलेली खेळाडू हीच उडी मारून पुढे कोलमडली. पुढे २०१७ मध्ये दीपाच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर २०१८ चे तुर्कस्तानातल्या मेर्सिनमधले विश्व चॅलेंज चषकाचे सुवर्ण आणि २०२४ चे ताश्कंदमधले आशियाई सुवर्ण तिने प्रोदुनोवाशिवायच जिंकले. हे पुरेसे बोलके नाही का?

प्रतिसाद २:
नाही. ताश्कंदला १३.५६६ गुणांवर सुवर्ण मिळाले. गुणपद्धती मधल्या काळात बदलली असल्याने थेट तुलना अन्यायाची ठरेल, हे खरे. पण आशियाई व्हॉल्ट आणि ऑलिम्पिक अंतिम फेरी यांच्या पातळीत किती अंतर आहे, हे वेगळे सांगायला नको. गुडघ्याचा अस्थिबंध तर वळसे घेत उतरतानाही तुटतो; तिची दुखापत प्रोदुनोवामुळेच झाली, याला आपल्याकडे आधार काय? आणि उमेदीची वर्षे कशाने गेली याचा हिशेब मांडायचाच, तर हायजेनामाइन हे निषिद्ध द्रव्य आढळल्यामुळे लागलेली, जुलै २०२३ मध्ये संपलेली २१ महिन्यांची बंदी त्यात कुठेच का नाही? (तिच्या गौरवलेखांतूनही ती अलगद गळते.)

धागालेखक:
बंदीचा मुद्दा माझ्याकडून सुटला, हे कबूल. प्रोदुनोवाने तिला अंतिम फेरीपर्यंत नेले, हेही मानतो. मात्र तिथे पोहोचल्यावर पदकासाठी दोन उड्यांत मिळून साधारण ०.३ गुण कमी पडत होते, आणि ते नीट उतरण्यातूनच मिळण्याजोगे होते, या मतावर मी ठाम आहे.